बुळबुळीत भेंडी आणि सावकाश विरघळणारी गोळी

गेल्या पावसाळ्यात पेडणे तालुक्यातील एका गावी आजाऱ्यांच्या भेटीला गेलो होतो. घरातील वडीलधारे गृहस्थ पंचाहत्तरी ओलांडलेले. दात गेलेले, गिळायला त्रास. त्यांची सगळी औषधे सून सांभाळते. सासऱ्यांना गोळी गिळवत नाही म्हणून ती रोज सकाळी गोळी खलबत्त्यात कुटायची आणि पेजेत कालवून द्यायची. वर्षभर हे सुरळीत चालले होते. मग रक्तदाबाची जुनी गोळी बदलून नवी आली. नवी गोळी सुरू झाल्यापासून पेज घेतल्यावर तासाभरात त्यांना घेरी येऊ लागली, आणि एके दिवशी ते उंबऱ्यापाशीच पडले. नशिबाने हाड मोडले नाही. गंमत अशी की, संध्याकाळी मोजला तर रक्तदाब पुन्हा चढलेलाच.

"फादर, ही गोळी सोसत नसावी. बंद करू का?" सुनेने विचारले.

मी डॉक्टर नव्हे. बंद करा असेही म्हणालो नाही, चालू ठेवा असेही नाही. पाकीट हातात घेऊन पाहिले, तर औषधाच्या नावापुढे 'रिटार्ड' असा शब्द छापलेला होता. तेच पाकीट घेऊन मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठविले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असा होता: "गोळी देता कशी?"

गोळीत दोष नव्हता आणि सुनेच्या मायेतही नव्हता. दिवसभरात थोडे थोडे बाहेर पडायचे औषध कुटल्यामुळे एका दमात अंगात गेले, एवढेच घडले होते. ही गोळी कुटायची नसते हे त्या घरात कोणी सांगितलेच नव्हते. ते सर्वांना ठाऊक व्हावे, आणि का कुटायची नाही हेही समजावे, म्हणून या महिन्याचे पान या विषयाला दिले आहे. विषयाचे शास्त्रीय नाव थोडे जड आहे, 'हायड्रोजेल'. पण वस्तू आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे.

बुळबुळ म्हणजे काय?

भेंडी चिरताना सुरीला जो चिकट, बुळबुळीत धागा लागतो तो सर्वांनी पाहिला आहे. सब्जाचे बी पाण्यात टाकले की थोड्याच वेळात त्याभोवती पारदर्शक गोळा तयार होतो. इसबगोलाचा भुसा चमचाभर घेतला तर पेलाभर पाणी धरून ठेवतो. कोरफडीचे पान कापले की आत थरथरणारा गर असतो. या सर्वांत एकच गुण आहे. त्या पाणी धरतात, पण सहजासहजी सोडत नाहीत.

याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. साखरेचे असंख्य लहान रेणू एकापुढे एक जोडले गेले की लांबच लांब साखळी बनते. तिला 'बहुशर्करा' म्हणतात. झाडांच्या डिंकात, बियांत, सालीत आणि फळांत अशा साखळ्या असतात. त्यांना पाण्याची ओढ असते. साखळ्या सुट्या असतील तर पाण्यात पसरतात आणि पाणी दाट होते. पण त्या ठिकठिकाणी एकमेकींना बांधल्या गेल्या की कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे तयार होते. पाणी त्या जाळ्याच्या घरांत शिरते आणि जाळे फुगते. गाठी बांधलेल्या असल्यामुळे ते विरघळून जात नाही. असे पाणी धरून फुगलेले जाळे म्हणजेच हायड्रोजेल.

नाताळात आपल्या घरी पेराद करतात, तो याच शास्त्राचा प्रयोग आहे. पेरूच्या गरात पेक्टिन नावाची बहुशर्करा भरपूर असते. भरपूर साखर घातली की ती पाणी आपल्याकडे ओढते, लिंबाच्या रसाचा आंबटपणा पेक्टिनच्या साखळ्यांमधला दुरावा कमी करतो, आणि साखळ्या एकमेकींना धरून बसतात. म्हणून थंड झाल्यावर वडी पडते. हे पेक्टिन वेगळे काढून त्याला नाव दिले ते १८२५ साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. गोव्यातील गृहिणींना नाव ठाऊक नसले तरी काम ठाऊक होते.

औषध सावकाश का सोडायचे?

खाजन शेती ज्यांनी केली आहे त्यांना हे सांगायला नको. बांधाला मानस बसवलेली असते. भरती-ओहोटी पाहून ती पाणी हवे तेवढेच आत-बाहेर होऊ देते. बांध फुटला तर पाणी तेच, नदी तीच, पण शेताचा नाश होतो.

शरीरातही तसेच आहे. साधी गोळी पोटात गेली की लवकर विरघळते. रक्तातील औषधाचे प्रमाण भराभर चढते आणि काही तासांनी उतरते. चढताना ते फार झाले तर त्रास देते, उतरताना फार कमी झाले तर रोग डोके वर काढतो. म्हणून साधी गोळी दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावी लागते, आणि दुपारची गोळी शेतात किंवा कामावर हमखास विसरते. गोळीलाच मानस बसवता आली तर प्रमाण दिवसभर बरेचसे समान राहील आणि एका गोळीत काम भागेल. सावकाश सुटणाऱ्या औषधामागचा विचार हा असा आहे.

हा प्रश्न दूरचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून थोडे जास्तच. मधुमेहाचे नेहमीचे औषध मेटफॉर्मिन. ते सावकाश सुटणाऱ्या गोळीच्या रूपात फार मोठ्या प्रमाणावर दिले जाते. याचा अर्थ अशी गोळी आपल्या वाड्यावरील कितीतरी घरांत आज फळीवर आहे.

गोळीच्या पोटात काय घडते?

अशा पुष्कळशा गोळ्यांत औषधाची पूड आणि कोरड्या जेलची पूड एकत्र मिसळून दाबलेली असते. जेल म्हणून बहुधा 'हायप्रोमेलोज' वापरतात. ते लाकडाच्या लगद्यातील किंवा कापसाच्या तंतूंतील सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात. म्हणजे वनस्पतीची साखळी आपण आजही नकळत गिळतच असतो.

गोळी जठरात पोचली की तिच्या बाहेरच्या थराला पाणी लागते. काही मिनिटांतच तिथे बुळबुळीत कवच तयार होते, भिजलेल्या सब्जासारखे. आतला गाभा अजून कोरडाच असतो. पाणी हळूहळू कवचातून आत झिरपते, तिथले औषध विरघळवते, आणि ते औषध जाळ्याच्या घरांतून वाट काढीत बाहेर येते. त्याच वेळी कवचाचा बाहेरचा भाग झिजत असतो. जाळ्याची घरे बारीक असली तर औषध सावकाश येते, मोठी असली तर लवकर.

यात एक मौजेचा हिशेब आहे. हिगुची नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ साली मलमातून औषध कसे बाहेर पडते याचे गणित मांडले. पुढे ते गोळ्यांनाही लावले गेले. त्याचे सार असे की, पहिल्या तासात एक माप औषध बाहेर पडले, तर दोन मापे पुरी व्हायला चार तास लागतात आणि तीन मापांना नऊ तास. कारण उघड आहे. वरचे औषध आधी निघून जाते आणि पुढच्या औषधाला आतून लांबची वाट चालावी लागते. उन्हाळ्यात जवळची झर आटली की पाण्याला लांब जावे लागते आणि दिवसाच्या खेपा कमी होतात, तसेच हे.

आता कुटलेल्या गोळीचे काय झाले ते ध्यानात येईल. कुटल्यावर गोळीचे शेकडो बारीक कण झाले. प्रत्येक कणात औषधाला बाहेर पडायची वाट अगदी आखूड. जे बारा किंवा चोवीस तासांत यायचे ते पहिल्या तासा-दोन तासांतच आले. म्हणून सकाळी रक्तदाब एकदम घसरला, घेरी आली, आणि संध्याकाळी औषध उरलेच नव्हते म्हणून तो पुन्हा चढला. मानस काढून टाकली आणि बांध मोकळा सोडला, असा हा प्रकार.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती विचारायला लोक लाजतात. मेटफॉर्मिनची सावकाश सुटणारी गोळी घेणाऱ्या काहींना शौचात गोळीसारखा मऊ गोळा दिसतो. गोळी पचलीच नाही असे वाटून ते घाबरतात आणि दुसरी घेतात. तसे करू नये. औषध आधीच बाहेर पडून शरीरात गेलेले असते. दिसते ते जेलचे रिकामे जाळे.

१९६१ सालचा डिसेंबर

सावकाश सुटणाऱ्या औषधाची पहिली गाजलेली कॅप्सूल १९५२ साली अमेरिकेत आली. तिच्यातील बारीक मण्यांवर कमी-जास्त जाडीचे लेप होते. हायड्रोजेलची गोष्ट मात्र युरोपात, चेकोस्लोव्हाकियात सुरू झाली. ऑटो विख्टेरले आणि द्राहोस्लाव्ह लिम या दोघांनी १९६० साली शरीरात वापरता येईल असे पाणी धरणारे जेल बनवल्याचे जाहीर केले. विख्टेरले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातील जोडणीचे तुकडे आणि सायकलचा डायनामो जोडून यंत्र तयार केले, आणि त्यावर डोळ्यात बसवायच्या पहिल्या मऊ भिंगा ओतल्या. आपल्याकडे गोवा मुक्त झाला तो हाच डिसेंबर. त्यांचे जेल कृत्रिम होते. वनस्पतींच्या जेलकडे जगभरच्या औषधशास्त्रज्ञांचे लक्ष पुढे वाढत गेले. ते स्वस्त असते, दरवर्षी नव्याने उगवते, आणि बहुधा शरीराला सोसते.

आपल्या परसातील उमेदवार

काजू: पेडणे आणि डिचोलीच्या डोंगरउतारांवर काजू आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड आता गोव्यात ५० हजार हेक्टरांहून अधिक जमीन व्यापून आहे. बोंडू आणि बी आपण वापरतो, डिंक मात्र वाया जातो. काजूचा डिंकही बहुशर्कराच आहे, त्यात गॅलॅक्टोज मुख्य. एकटा तो पाण्यात विरघळतो. पण त्याच्या साखळ्या रासायनिक दुव्यांनी बांधल्या, किंवा दुसऱ्या जेलमध्ये तो मिसळला, तर औषध धरणारे जाळे तयार होते. काजूच्या मूळ देशात, ब्राझीलमध्ये, यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. डिंक आणि बियांच्या टरफलातील तेल यांची गल्लत करू नये. ते तेल कातडी भाजते.

चिंचोका: चिंचोक्याची खळ सुताला आणि कापडाला लावीत असत. त्यातील बहुशर्करा डोळ्याच्या ओलसर आवरणाला चिकटून राहते. म्हणून डोळ्यात घालायच्या थेंबांत तिचा उपयोग झाला आहे. साधा थेंब पापणी मिटताच वाहून जातो, हा जरा टिकतो.

भेंडी: सात शिरांच्या भेंड्याला गोव्याचे म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भेंडीच्या बुळबुळीपासून गोळीचे जाळे करण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांतून झाले आहेत. औषध म्हणून भेंडीचे पाणी पिण्याशी त्यांचा संबंध नाही.

गवार आणि पेरू: गवारीच्या बियांचा डिंक आणि फळांतील पेक्टिन यांचा गुण वेगळाच आहे. माणसाच्या जठरातील आणि लहान आतड्यातील पाचक रस त्यांना तोडू शकत नाहीत, पण मोठ्या आतड्यातील जिवाणू तोडतात. म्हणून मोठ्या आतड्याच्या सुजेवरचे औषध यांच्या वेष्टनात घातले तर ते वाटेत वाया न जाता नेमके तिथे पोचावे, अशी ही योजना आहे.

समुद्रशैवाल: हणजुणे-वागातोरच्या खडकांवर तपकिरी सरगॅसम शैवाल वाढते. अशा शैवालात अल्जिनेट असते. कॅल्शियम मिळाले की त्याचे जेल होते. जठरातील आम्लात ते आक्रसून औषध झाकून ठेवते आणि आतड्यात गेल्यावर फुगून ते सोडते. वाहत्या जखमेवर लावायच्या पट्ट्यांतही अल्जिनेट वापरतात, कारण ते ओल शोषून घेते.

मग उशीर कशाला?

वाचक म्हणतील, झाडे दारात आहेत, मग कारखाने का नाहीत? अडचण अशी की निसर्गाचा माल एकसारखा नसतो. मांद्र्याच्या झाडाचा डिंक आणि मयेच्या झाडाचा डिंक सारखाच फुगेल याची खात्री नाही. चैत्रातला आणि पावसानंतरचाही वेगळा. दमट हवेत त्यावर बुरशी येते. भाजीत थोडे अधिक-उणे चालते, पण गोळीचे जाळे थोडे सैल झाले तर सुनेने खलबत्त्यात जे केले तेच कारखान्यात होईल. म्हणून डिंक स्वच्छ करणे, मोजणे, प्रत्येक खेप तपासणे आणि शेवटी माणसांवर रीतसर चाचणी घेणे, एवढी वाट चालावी लागते. बरेचसे वनस्पतिजन्य जेल अजून याच वाटेवर आहेत.

या वाटेवर आपल्या मुलामुलींनाही जागा आहे. पणजीचे गोवा औषधशास्त्र महाविद्यालय १९६३ पासून स्वतंत्रपणे चालते. पेडण्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्था ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली. दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

शेतकऱ्यांसाठी दोन शब्द

डिंकाच्या आशेने काजूच्या खोडावर कोयते चालवू नका. डिंक हे झाडाच्या जखमेचे लक्षण आहे. बुंध्याशी आपोआप डिंक येत असेल आणि जवळ लाकडाच्या भुशासारखी पूड दिसत असेल, तर खोडकिडा लागला आहे असे समजा. पाने पिवळी पडेपर्यंत थांबलात तर झाड हातचे जाते. लवकर ध्यानात आले तर साल जपून उघडून अळ्या काढता येतात. मेलेले झाड बागेत उभे ठेवू नका, तिथूनच कीड पसरते. शंका असेल तर विभागीय कृषी कार्यालयात जाऊन विचारा.

हायड्रोजेल शेतातही आले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेले 'पुसा हायड्रोजेल' तयार केले. ते आपल्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी धरते आणि मुळांना हळूहळू देते. हेक्टरी अडीच ते पाच किलो पुरते. आपल्या जांभ्या जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून पाऊस संपल्यावरच्या भाजीला किंवा नव्या कलमांना याचा उपयोग आहे का, हे आधी थोड्या जागेत करून पाहावे. ते पाणी साठवते, निर्माण करीत नाही, हे विसरू नये.

घरात पाळायचे नियम

१. पाकिटावर औषधाच्या नावापुढे एस. आर., ई. आर., एक्स. आर., सी. आर. ही अक्षरे किंवा 'रिटार्ड' हा शब्द असेल तर ती गोळी कुटू नये, चावू नये, पाण्यात विरघळवू नये. मधोमध रेघ असलेल्या काही गोळ्यांचे दोन भाग करता येतात, तेही डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारूनच.

२. गिळता येत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. बहुतेक वेळा पातळ औषध किंवा दुसरी गोळी देता येते. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

३. इसबगोल नेहमी भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. कोरडे घेतल्यास ते घशातच फुगू शकते. गवारीच्या डिंकाच्या वजन कमी करायच्या गोळ्या अन्ननलिकेत अडकल्यामुळे १९९० साली अमेरिकेत बाजारातून मागे घ्याव्या लागल्या होत्या. तसेच इसबगोल आणि इतर औषधे यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर तेच जाळे दुसऱ्या औषधाला धरून बसेल.

४. अशा गोळ्यांबरोबर फेणी किंवा कोणतीही दारू घेऊ नये. दारूमुळे काही गोळ्यांचे वेष्टन मोडते आणि सगळे औषध एकदम सुटते. एक जालीम वेदनाशामक कॅप्सूल याच कारणाने २००५ साली अमेरिकेत विक्रीतून काढली गेली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तर दारू वेगळ्या कारणानेही घातक आहे.

५. मधुमेह्यांनी पायाच्या जखमेवर कोरफडीचा गर, डिंक किंवा दुसरा घरगुती लेप लावू नये. दवाखान्यातील जेलची पट्टी निर्जंतुक असते, परसातील पान नसते.

त्या घरातील म्हाताऱ्यांना डॉक्टरांनी पातळ करून देता येईल असे दुसरे औषध लिहून दिले. आता ते सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात. सुनेला मात्र फार लागून राहिले होते. "फादर, मी इतके दिवस त्यांना विषच देत होते की काय?" असे ती म्हणाली. मी तिला सांगितले की, तू माया देत होतीस, माहिती तुला कोणी दिली नव्हती. आता तिने खलबत्ता मसाल्यापुरता ठेवला आहे, आणि शेजारपाजारच्या घरांतील पाकिटे तीच वाचून दाखवते. हे पान वाचणाऱ्या प्रत्येकाने आज घरी गेल्यावर फळीवरचे पाकीट एकदा उचलून पाहावे.